उपाशी बाजू

क्षमा मॅडमच्या पार्लरमध्ये कंपनीचा नवा माल आला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, “डोकं कोण?” डोकं म्हणजे जिच्या केसांवर तो माल लावून बघायचा ती मुलगी. बाकीच्या मुलींनी तिच्यावर शिकायचं, मॅडमनी फोटो काढायचे आणि डोक्यानं गप्प बसायचं. चकाल्याच्या त्या पार्लरमध्ये अकरा वर्षांत पंचवीस-तीस मुली आल्या नि गेल्या, पण ह्या प्रश्नाचं उत्तर काही बदललं नाही. सगळ्यांच्या माना दर्शनाकडे वळायच्या.

ह्यात दर्शनाची काही करामत नव्हती, केसांची होती. दर्शना गायसमुद्रे वाकोल्याहून पहिल्यांदा काम मागायला आली तेव्हा तिची वेणी कमरेच्या खाली पोचत होती आणि एका मुठीत मावत नव्हती. मॅडमनी ती वेणी हातात घेऊन वजन करावं तशी खालीवर केली आणि तिथल्या तिथं तिला ठेवून घेतलं. दर्शनाला वाटलं, आपली हुशारी दिसली. बावीस वर्षांची होती, वाटायचंच. पुढं ते केस सरळ झाले, कुरळे झाले, पुन्हा सरळ झाले. तांबडे झाले, मधाच्या रंगाचे झाले, एका दिवाळीत तर वांग्याच्या रंगाचे झाले आणि ती भाऊबीज तिनं डोक्यावरून ओढणी घेऊन काढली. आता ती वेणी पाठीच्या मध्यावर येऊन थांबली होती. एखादा केस ओला असताना ओढला तर रबरासारखा लांबायचा आणि तुटायचा.

पण दर्शनाला डोकं व्हायचंच नव्हतं. तिला हात व्हायचं होतं. पार्लरमध्ये चार खुर्च्या होत्या. ज्या मुलीची खुर्ची, तिचं नाव आरशावर लावलेलं, तिची गिऱ्हाइकं तिचीच, आणि कात्री तिच्या हातात. दर्शना भुवया करायची, डोकी धुवायची, नवऱ्या नटवायची, नव्या मुलींना शिकवायचीसुद्धा, पण केस कापायला गिऱ्हाईक बसलं की मॅडम म्हणायच्या, “तू जरा पाणी बघ गं.” तिनं स्वतःची कात्री घेऊन ठेवली होती. चामड्याच्या पाकिटात, खणाच्या तळाशी. कधी कधी रिकाम्या दुपारी ती बाहेर काढून हवेतच चालवून बघायची. शिकवलेल्या पोरी खुर्च्यांवर बसल्या आणि शिकवणारी सिंकपाशीच राहिली, ह्याची तिला लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून स्वतःचाच रागही यायचा.

मग सोडून का नाही गेली? विचारणाऱ्याला विचारायला काय जातं. दुसरीकडे गेलं की पहिला सवाल, “आधी कुठल्या खुर्चीवर होतीस?” आणि दुसरी गोष्ट, मॅडम वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर सोपं गेलं असतं. दर्शनाचे वडील गेले तेव्हा पार्ल्याच्या ह्या बाई वाकोल्याच्या बिल्डिंगचे सात मजले चढून आल्या होत्या, कारण लिफ्ट बंद होती. खाली चटईवर बसल्या, चहा प्यायल्या, दर्शनाच्या आईचा हात हातात घेऊन रडल्या. अशा माणसाशी भांडायचं तरी कुठून सुरू करायचं?

तर त्या फेब्रुवारीत केयूर आला. कंपनीचा शिकवणारा पोरगा, सव्वीस-सत्तावीसचा, दाढी कोरलेली, बोलायला गोड. त्याच्या पेटीत नवं कंडिशनर होतं. रात्री झोपताना लावायचं, धुवायचं नाही, खराब झालेले केस पंधरा रात्रींत ताळ्यावर येतात म्हणे. आणि दाखवायची पद्धत अशी, की डोक्याच्या मधोमध भांग पाडायचा. उजव्या अर्ध्याला कंडिशनर, डाव्या अर्ध्याला काहीच नाही. मग घाटकोपरच्या हॉलमध्ये पार्लरवाल्या बायकांना बोलवून दोन्ही बाजू शेजारी शेजारी दाखवायच्या.

“डावीकडे काहीच नाही हां, ताई,” केयूर म्हणाला. “तेल नाही, सीरम नाही, काय पण नाही. राइट साइड राजा, लेफ्ट साइड अनाथ. आणि रोज मला लेफ्टचा फोटो टाकायचा.”

दर्शनानं मॅडमकडे बघितलं. आज विचारायचंच, असं ठरवून आली होती. “मॅडम, ह्या वेळी मला खुर्ची पाहिजे.”

मॅडम हसल्या. “अगं, मागायला एवढी घाबरतेस काय? हा डेमो झकास होऊ दे. एक तारखेला तीन नंबरची खुर्ची रिकामी होतेय, ती तुझी. आरशावर नाव लावते, बस?”

त्या रात्री तिनं अक्रोडाएवढं कंडिशनर तळहातावर घेतलं, उजव्या बाजूच्या केसांना मधल्यापासून टोकापर्यंत लावलं, सैल वेणी घातली आणि केयूरनं दिलेली सॅटिनची टोपी चढवली. डाव्या बाजूची वेणी टोपीच्या बाहेर ठेवायची होती, दोन्हीकडचं एकमेकांत मिसळायला नको म्हणून. उजव्या कुशीवर झोपावं तर उशीला माल पुसला जायचा, डाव्या कुशीवर झोपावं तर कोरडे केस मानेला टोचायचे. ती उताणी पडून राहिली आणि पंख्याकडे बघत आरशावर आपलं नाव कुठल्या अक्षरात चांगलं दिसेल ह्याचा विचार करत बसली.

माल खोटा नव्हता, हे सांगायला पाहिजे. चौथ्या सकाळी उजवीकडून फणी फिरवली आणि ती कुठंही न अडता खाली आली. कितीतरी वर्षांनी असं झालं होतं. दर्शनानं फणी पुन्हा वर नेली, पुन्हा खाली आणली. असं पाच-सहा वेळा झालं आणि तिचे डोळे भरून आले. मग तीच फणी डावीकडे घातली, तर पहिल्याच गुंत्यात अडकली. डबीतलं कंडिशनर समोर होतं. बोटभर लावलं असतं तर कुणाला कळलं असतं? पण तिनं डबीचं झाकण घट्ट लावलं, डावीकडचा फोटो काढला आणि केयूरला पाठवून दिला. त्याचा अंगठा आला.

आईच्या नजरेतून हे सुटणार नव्हतं. आईचं नाव शकुंतला, पण अख्ख्या बिल्डिंगला ती शकुमावशी. लातूरकडची. साकीनाक्याच्या कारखान्यात तिनं वीस वर्षं शर्टांचे धागे कापले, नजर अधू झाली तसं काम सुटलं. आता तिचं एकच काम होतं, तेल. खोबरेलात मेथी, कढीपत्ता आणि जास्वंद घालून ती दर महिन्याला तेल कढवायची, तेव्हा सातव्या मजल्याच्या सगळ्या दारांना वास कळायचा. मजल्यावरच्या सहा बायका तिचंच तेल लावायच्या आणि जिन्यात भेटल्या की आपली वेणी पुढं घेऊन दाखवायच्या. त्या दिवशी शकुमावशी दोन घास जास्त जेवायची. फक्त पोटची पोर ते तेल लावत नव्हती. पार्लरमध्ये चालत नाही म्हणायची.

“हे कसलं गं औषध?” आई एकदा न राहवून बोललीच. “ह्या बाजूला जेवू घालायलीस आन् त्या बाजूला उपाशी ठेवायलीस.”

“कंपनीचं काम आहे, आई. तू हात नको लावू.”

एवढंच ती म्हणाली. खुर्चीचं तिनं आईला सांगितलं नव्हतं. खुर्ची मिळणार असं अकरा वर्षांत तीनदा सांगून झालं होतं आणि तिन्ही वेळा आईनं शेजाऱ्यांना साखर वाटली होती. ह्या वेळी आरशावर नाव लागल्यावर फोटोच दाखवायचा, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

डेमो सोमवारी सकाळी होता. आदल्या रविवारी पार्लरमध्ये लग्नाची गर्दी उसळली. दर्शनानं सकाळपासून दोन नवऱ्या आणि त्यांच्याकडच्या अकरा बायका नटवल्या आणि चार वाजता घरी आली ती डोकं धरूनच. चहासुद्धा न घेता भिंतीशी आडवी झाली. झोपेत कुणीतरी तिचं डोकं मांडीवर घेतलं, कुणीतरी हळूहळू गुंता सोडवत होतं, आणि इतकं बरं वाटत होतं की तिला वाटलं, आपण शाळेत आहोत आणि उद्या सुट्टी आहे.

जाग आली तेव्हा जास्वंदीचा वास येत होता.

ती ताडकन उठून बसली. हात डावीकडे गेला आणि बोटं केसांतून सुळकन खाली आली. आई समोर वाटी घेऊन बसलेली. दोन तास बसून तिनं एक एक गाठ सोडवली होती, टोकांना तेल चोळलं होतं. आपण काहीतरी चांगलं केलंय अशा चेहऱ्यानं ती लेकीकडे बघत होती.

“लई सोसलं होतं गं त्यांनी,” आई म्हणाली. “दुसऱ्या बाजूला म्या हात नाही लावला. तुझं कंपनीचं तसंच हाय.”

वाट लागली, एवढंच दर्शनाच्या मनात आलं. ओरडायला तिनं तोंड उघडलंसुद्धा. पण आईची तेलकट बोटं दिसली, धागे कापून कापून वाकडी झालेली, आणि तोंड मिटलं. “बरं वाटलं, आई,” ती म्हणाली. ते खरंच होतं, हीच तर पंचाईत होती.

सोमवारी सकाळी सात वाजता दर्शनानं पार्लरचं शटर उघडलं. किल्ली तिच्याकडे असायची, अकरा वर्षांत तेवढी मिळाली होती. डावीकडचे केस तीनदा धुतले. तेल निघालं, पण आईचा हात निघेना. गाठी सुटल्या त्या सुटल्याच होत्या. केस मऊ नव्हते, पण शहाण्यासारखे दिसत होते. केयूरकडे चौदा फोटो होते, चौदाही फोटोंत डावी बाजू झाडूसारखी. पंधराव्या दिवशी ती अशी शहाणी झाली तर तो काय म्हणणार, मॅडम काय म्हणणार आणि एक तारखेचं काय होणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

तिनं केस सरळ करायचं मशीन लावलं. नव्या मुलींना ती पहिल्या दिवशी बजावायची, की ओल्या केसांवर मशीन फिरवायचं नाही, आधी संरक्षणाचा फवारा मारायचा, आच मध्यम ठेवायची, एका बटेवरून दोनदाच न्यायचं. त्या सकाळी तिनं आच शेवटपर्यंत चढवली. ओली बट धरली आणि पट्ट्यांमध्ये दाबली. चर्रर्र आवाज झाला, वाफ निघाली. एका बटेवरून आठ वेळा. शिकलेलं सगळं तिनं अगदी नीट, मन लावून उलटं वापरलं. मग टोकांकडून वर उलटी फणी घातली. काळ्या फरशीवर केसांचे तुकडे पडले. जळक्या वासात जास्वंदीचा वास कुठंतरी शिल्लक होता आणि तोच तिला सहन होईना. ती सिंकवर वाकून रडली, तोंड धुतलं, फरशी झाडली आणि रिक्षा पकडून घाटकोपरला गेली.

डेमो झकास झाला. साठ-सत्तर बायका आल्या होत्या. केयूरनं दर्शनाला उंच स्टुलावर बसवलं, पाठ बायकांकडे आणि तोंड पडद्याकडे. माइकवर तो बोलत होता, “ही उजवी बाजू, ही डावी. एकाच बाईचे केस, विश्वास बसत नाही ना? या, हात लावून बघा.” बायका एक एक करून येत होत्या. उजवीकडे हात लावून “वा” म्हणत होत्या, डावीकडे हात लावून चटका बसल्यासारखा मागं घेत होत्या. “अगं बाई, बिचारीचे काय झालेत,” कुणीतरी म्हणालं. बिचारी कोण ते बघायला पुढं येऊन कुणी तोंड बघितलं नाही. पडद्याला एक भोक होतं. दर्शना पाऊण तास त्या भोकाकडे बघत बसली आणि मनात म्हणत राहिली, एक तारीख, एक तारीख.

परतताना मॅडमच्या गाडीत केयूर पुढं बसला होता. “ताई, काय लेफ्ट साइड होती यार! कालच्या फोटोपेक्षा पण खतरनाक.” मग मॅडमकडे वळून म्हणाला, “असं डोकं दुसरीकडे मिळत नाही. मुलुंड बुधवारी, मग बोरिवली, मग ठाणे. सहा डेमो धरून चाला. लेफ्टला फक्त काही करू नका.”

“तिची काळजी नको,” मॅडम म्हणाल्या. “दर्शना म्हणजे आमचं घरचं माणूस.”

“मॅडम,” दर्शना मागच्या सीटवरून म्हणाली, “एक तारखेला खुर्ची...”

“अगं हो, ते सांगायचं राहिलंच. तीन नंबरवर तात्पुरतं दीप्तीला बसवते. तू आता महिना-दोन महिने बाहेरच असणार, खुर्ची रिकामी कशी ठेवायची? हे डेमो संपले की बघू ना. तू काय परकी आहेस?”

दीप्तीला केस धुवायला दर्शनानंच शिकवलं होतं, दोन वर्षांपूर्वी. गाडी असल्फाच्या सिग्नलला थांबली होती. उतरावं आणि चालू लागावं असं तिला वाटलं. पण दाराला मुलांसाठी असतं ते, आतून न उघडणारं कुलूप लावलेलं होतं, आणि ते उघडायला सांगायचं म्हणजे काहीतरी कारण सांगावं लागणार होतं. ती बसून राहिली.

घरी आईनं दार उघडलं आणि आधी डावीकडेच बघितलं. पुढं होऊन केस हातात घेतले, डोळ्यांजवळ नेले, बोटांत चुरून बघितले. तुकडा हातात आला.

“काल तर बरे होते गं,” आई म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. “माझ्या तेलानं झालं का?”

दर्शना दमली होती. खरं सांगायचं तर मशीन सांगावं लागणार, मशीन सांगायचं तर खुर्ची सांगावी लागणार, आणि खुर्ची तर दीप्तीची झाली होती. “असेल,” ती म्हणाली आणि मोरीत तोंड धुवायला गेली.

मंगळवारी पार्लरला सुट्टी होती, तरी रविवारच्या लग्नांचं सामान आवरायला तिला जावं लागलं. संध्याकाळी सात वाजता ती सातव्या मजल्यावर आली, तेव्हा शेजारच्या रश्मीवहिनींच्या दारात आई उभी होती. हातात कापडी पिशवी.

“असू द्या हो मावशी,” वहिनी म्हणत होत्या. “मला कुठं काय झालंय? चार वर्षं लावतेय मी.”

“नको बाई. माझ्या लेकीचे केस जळले माझ्या तेलानं. तुमच्या लेकरांच्या डोक्याला लागलं तर मी काय तोंड दाखवू? आणा ती बाटली.”

वहिनींनी नाइलाजानं बाटली आणून दिली. आईनं ती पिशवीत ठेवली. आत बाटलीवर बाटली आपटल्याचा आवाज झाला. ही सहावी होती. आई वळली, लेकीला बघितलं आणि घरात गेली. मोरीपाशी बसून तिनं पहिल्या बाटलीचं बूच काढलं. ओतायलाच निघाली होती.

दर्शनानं तिचं मनगट धरलं. “आई, तेलानं नाही झालं.”

आईनं बाटली खाली टेकवली.

“मी जाळले. काल सकाळी पार्लरमध्ये जाऊन, मशीननं.”

“आपल्या हातानं?”

“हो.”

“कशापायी गं?”

आरशावर नाव लागलं असतं तर ह्या प्रश्नाला उत्तर होतं. फोटो पुढं करून सांगता आलं असतं, की ह्याच्यासाठी. आता दर्शनाच्या हातात काहीच नव्हतं, तेव्हा तिनं सगळं तसंच सांगितलं. खुर्ची सांगितली, चौदा फोटो सांगितले, ओली बट आणि चर्रर्र आवाज सांगितला, स्टूल सांगितलं, दीप्ती सांगितली. “आणि काल तुला असेल म्हणाले ना, ते सगळ्यात वाईट केलं मी,” ती म्हणाली, आणि लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडायला लागली.

आई रागावली नाही. मॅडमना शिव्याही दिल्या नाहीत, फक्त बूच परत बाटलीला लावलं. मग उठली, फणी आणली, भिंतीला टेकून बसली आणि आपल्या पुढची चटई हातानं थोपटली. दर्शना तिच्याकडे पाठ करून बसली. आईनं वाटीत तेल ओतलं.

फोन वाजला. केयूरचा मेसेज होता. “उद्या मुलुंड, साडेनऊला निघायचं. लेफ्टचा फोटो टाका ना ताई.”

आईचा हात वाटीवरच थांबला. “काय म्हणायलेत?” तिनं विचारलं. “कुठली बाजू सोडू?”

दर्शनानं मेसेज पुन्हा एकदा वाचला. मग फोन बाजूला सारला, मान सरळ केली आणि डोळे मिटले.

“कुठलीच नको,” ती म्हणाली. “डावीकडे जास्त लाव.”